टेबलाच्या दोन बाजू

या घराण्याने तीन पिढ्यांत एकही निर्णय घाईघाईने घेतला नव्हता. नेमकं सांगायचं तर निर्णय असा घेतलाच नव्हता. मुदती संपत गेल्या, आणि मागे जे उरलं त्याला निर्णय म्हणायची पद्धत पडली. थोरल्याचं लग्नही असंच ठरलं होतं. वहिनी हे अधूनमधून चारचौघांत बोलून दाखवायची.

या वेळी पंचाईत अशी होती की मुदत संपल्यावर मागे काहीच उरणार नव्हतं. कारखान्याची जागा भाड्याची होती, आणि तिच्या मालकाला तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. सोमवारी सामान न्यायला ट्रक येणार होता. ट्रकवाल्याने "कुठे जायचंय?" असं विचारल्यावर थोरल्याचे वडील, नाना, म्हणाले होते, "ते कळवतो." तो बिचारा पत्ता नसलेली फेरी डोक्यात घेऊन परत गेला.

जाण्यासारखी शहरं दोन होती. एक जंगलाच्या तोंडाशी. तिथे डांबरी रस्ता संपतो, आणि घरी सगळं व्यवस्थित असलेली माणसं दोर, कंदील, बूट आणि तंबू विकत घेऊन स्वखुशीने गैरसोयीत शिरतात. दुसरं वाळवंटात, करमणुकीचं. तिथे प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं, पण चौकाचौकात कारंजी आहेत, आणि दर संध्याकाळी शहरभर पडदे वर जातात. कारखान्यात तंबूही व्हायचे आणि पडदेही, त्यामुळे बोलावणी दोन्हीकडून होती. जंगलाच्या शहरात एक रिकामी शेड मिळत होती. वाळवंटात नाट्यगृहांची एक कंपनी हॉल देत होती, आणि त्या हॉलमध्ये कापड कापायचं यंत्र आधीच बसवलेलं होतं.

ते यंत्र गेला महिनाभर धाकटीच्या, म्हणजे नानांच्या मुलीच्या, डोक्यात चालू होतं.

रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर सगळे चाळीस फुटी टेबलापाशी जमले. टेबल आजोबांनी केलेलं. ते ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असं पोचलेलं होतं की कडेने जायला वाट नव्हती. एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला दार. इकडून तिकडे जायचं तर खालून रांगत जायचं. तीन पिढ्या तशाच रांगल्या होत्या. घराण्यात कंबरदुखी होती ती रक्तातून आली असं डॉक्टर म्हणायचे. त्यांनी टेबल पाहिलेलं नव्हतं.

धाकटी खिडक्यांच्या बाजूला बसली होती. टेबलाखाली तिने उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरला होता आणि ती तो चोळत होती. घरात कापायचं काम तिचं. हिवाळ्यापासून अंगठ्याला काही कळेनासं झालं होतं. आणि हिवाळ्यापासूनच तंबू परत येत होते: उभे केले की चारी बाजूंनी जमिनीपासून तीन इंच वर. एका नाट्यगृहाने कळवलं होतं की पडदा पडला तरी खालून नटांचे बूट दिसतात.

तिने हे दोन्ही एकत्र जोडलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं की काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नानांचा मधला भाऊ तरुणपणी कापणीला होता. त्याने एक मखमलीचा तागा वाया घालवला. त्याला 'तात्पुरतं' घड्या घालायला बसवलं. तो घडीकाका म्हणूनच म्हातारा झाला आणि घडीकाका म्हणूनच गेला. त्याचं खरं नाव शेवटी कुणालाच चटकन आठवेना.

जंगलाच्या शेडमध्ये यंत्र नव्हतं. तिथे जाडजूड कॅनव्हास हाताने कापावा लागणार होता, आणि त्याने अंगठ्याची पार वाट लागली असती. म्हणून धाकटीला जंगलच हवं होतं. जिथे हात दुखेल तिथे निदान हाताची गरज तरी होती.

"थोरल्या, आकडे सांग," नाना म्हणाले. "मत नको."

मत नको, कारण कारखान्याचा नियम. मोजणाऱ्याने कापायचं नाही, कापणाऱ्याने शिवायचं नाही, शिवणाऱ्याने बाकी दोन्हींत नाक खुपसायचं नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला यावी म्हणून आजोबांनी तो केला होता. प्रत्यक्षात त्याचा उपयोग एवढाच झाला की चूक झाली की ती कुणाची, हे कधीच ठरलं नाही.

थोरला, म्हणजे धाकटीचा दादा, मोजणारा. दोन्ही शहरं तोच बघून आला होता. गळ्यात नेहमीची कापडी फीत होती. ती तो जेवतानाही काढायचा नाही.

"जंगलाकडची शेड. पन्नास फुटी फीत संपली, भिंत आली नाही. छपराला दोन भोकं आहेत."

"भोकं शिवता येतील," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण, शिवणाची मुख्य.

"पत्र्याची आहेत, आत्या."

"मग? मी पत्रा शिवला नाही का?"

तिने खरंच कधी शिवला असेल या भीतीने पुढे कुणी विचारलं नाही.

"वाळवंटातला हॉल," दादा म्हणाला. "चाळीस फूट दोन इंच."

"म्हणजे टेबल बसतं," नाना म्हणाले.

"बसतं. वर दोन इंच उरतात."

"दोन इंचांत काय करायचं?" वहिनीने विचारलं. "पाहुणे उभे करायचे?"

"इथे तेवढेही नाहीत, सूनबाई," आत्या म्हणाली.

आत्या दाराच्या बाजूला होती, म्हणजे वाळवंटाच्या. बसताना जे जिथे बसले त्यावरून बाजू आपोआप ठरल्या होत्या. दाराकडे आत्या आणि दादा. खिडक्यांकडे नाना, वहिनी आणि धाकटी.

"जन्मभर पडदे शिवले," आत्या म्हणाली. "एकदा तरी वर जाताना बघू दे."

"वर गेला की त्याचं काम संपलं," नाना म्हणाले. "बघायचंय काय त्यात?"

"आणि तू रे? जन्मभर तंबू विकलेस, एक रात्र तरी झोपलास का तंबूत? मुंगी दिसली तर खुर्चीवर चढतोस. जंगलात जाऊन कुठे चढणार? झाडावर? तिथे तर सगळ्या मुंग्याच."

"ताई, विषय जागेचा चाललाय."

"मीही जागेचंच बोलतेय."

नाना उठले. कोपऱ्यातून त्यांनी एक कॅनव्हासचं गाठोडं आणलं आणि टेबलावर सोडलं. तंबूचं दार होतं. खालच्या कडेला चिखलाचा एकही डाग नव्हता, कारण ती कड जमिनीला पोचलीच नव्हती.

"हे काल आलं," ते म्हणाले. "या मोसमातलं कितवं ते मी विचारत नाही. जागा ठरवायच्या आधी हे ठरवा. मोजलं चुकलं की कापलं चुकलं?"

बाहेर मालकाचा माणूस आखणीसाठी चुन्याच्या रेघा मारत होता. त्याच्या डब्याचा खडखडाट खिडकीतून आत येत होता. त्याचं काम चुकत नव्हतं.

दादाने दाराची कड हातात घेतली, डोळ्यांपाशी नेली, मग हात लांब करून पाहिली. हे हल्ली तो प्रत्येक वस्तूचं करायचा. गेले कित्येक आठवडे तो झोपला नव्हता. फितीवरचा आकडा वाचायचा, परत वाचायचा, मान फिरवून अचानक वळून वाचायचा, जणू आकडा बेसावध असताना काही वेगळं सांगेल. प्रत्येक वेळी आकडा तोच यायचा, आणि माल आखूडच यायचा. मग दोष कशात? डोळ्यांत. वाळवंटातलं शहर बघून आल्यापासून तो तिथल्या दिव्यांबद्दलच बोलत होता. तिथे म्हणे मध्यरात्रीही सुईत दोरा ओवता येतो. त्याला पडद्यांशी देणंघेणं नव्हतं. त्याला उजेड हवा होता.

समोर धाकटी मान खाली घालून बसली होती. लहानपणी ती टेबलाखाली झोपायची, कापडाच्या चिंध्यांत. घडीकाका तिच्यावर चिंध्यांच्याच घड्या करून पांघरूण घालायचा.

"नाना," दादा म्हणाला, "मोजणी चुकली. डोळे गेलेत माझे. घडीवर मी बसतो."

"दादा!" धाकटीने मान वर केली.

वहिनी नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेली होती, चोरून, बाजाराला जातो असं सांगून. ती खिडक्यांच्या बाजूला बसली होती याचं कारणही तोच. हा माणूस अंधारातही झोपत नाही. दिवे न विझणाऱ्या शहरात त्याचं काय होईल? आणि आता तो आपणहून घडीवर बसायला निघाला होता, तेही धडधाकट डोळ्यांनी.

"काही गेलेले नाहीत डोळे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तपासलेत. सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली यांनी. डॉक्टर म्हणाले, ती ओळ मला स्वतःला दिसत नाही, मी पाठ केलीय."

"अगं, पण—"

"अहो, तुम्ही गप्प बसा. तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. डोळे ठणठणीत, म्हणजे हात. आणि हाताची मालकीण तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"वन्सं, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नाही वहिनी, बरोबर आहे."

वहिनीला तिथे बसवेना. तिने पदर खोचला, वाकली आणि टेबलाखाली शिरली. माणूस टेबलाखाली असताना वर कुणी बोलायचं नाही असा घरातला शिष्टाचार होता. सगळे तिच्या बांगड्यांचा आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकताना ऐकत राहिले. मध्ये कुठेतरी डोकं आपटल्याचा आवाज आला. मग ती दादाच्या शेजारी उगवली, केसांत दोऱ्याचे तुकडे घेऊन, आणि कुणाकडेही न बघता बसली.

"तीन विरुद्ध दोन," आत्या म्हणाली.

"ताई, इथे मतदान चाललंय का?"

"नाही रे बाबा. मी आपलं मोजलं."

धाकटीने टेबलावरची टाचणी उचलली आणि अंगठ्यात टोचली. हळू नाही. रक्ताचा ठिपका आला. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हिवाळ्यापासून असं आहे," ती म्हणाली. "कात्री धरलीय की नाही हे मला बघून कळतं."

नानांनी तिचा हात धरला. ठिपका स्वतःच्या बाहीने पुसला. हात बराच वेळ सोडला नाही.

त्यांच्या डोळ्यांपुढे धाकटीचा हात नव्हताच. मधल्या भावाचा होता. त्याला घडीवर बसवणारे नानाच होते. तेव्हाही दुपार होती, तेव्हाही सगळे याच टेबलाभोवती होते, आणि 'तात्पुरतं' हा शब्द त्यांनीच शोधून काढला होता. तो शब्द सगळ्यांना सोयीचा वाटला. पुढे दर वर्षी नाना ठरवायचे की याला परत कात्री द्यायची, आणि दर वर्षी घड्या इतक्या सुरेख यायच्या की राहून जायचं.

"वाळवंटात जाऊ," ते म्हणाले.

"नाना?"

"तिथे यंत्र आहे. तुझ्या हाताला आराम मिळेल."

"आराम म्हणजे?"

"आराम म्हणजे आराम."

"घडीवर ना?"

"तात्पुरतं," नाना म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तो पकडायला हवा होता अशा चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिले.

"नाना, मला जाड कॅनव्हास चालेल. दोन्ही हातांनी कापीन."

"आणि अंगठा तुटला तर?"

"माझा तुटेल!"

"तुझा म्हणजे कुणाचा?" नानांचा आवाज चढला. "उगीच बोलू नकोस. ठरलं."

हा घराण्याचा पहिला निर्णय. तो आपल्या हातून झाला याचा नानांनाच धक्का बसला असावा, कारण तो बदलायच्या आत ते खाली वाकले आणि टेबलाखाली शिरले. फोन दाराच्या बाजूला होता. या वयात त्यांना वेळ लागला. शिष्टाचाराप्रमाणे सगळे गप्प. त्या शांततेत धाकटीला कळलं की खिडक्यांच्या बाजूला आता आपण एकटीच आहोत.

कंपनीचा फोन लगेच उचलला गेला. त्या शहरात रविवार नसावा.

"हो, येतो आम्ही," नाना म्हणाले. "टेबल? हो हो, बसतं. दोन इंच उरतात... नाही, कापणारं माणूस नको. यंत्र आहे म्हणालात ना? मग नको."

'नको' दोनदा म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत्या खूश व्हायला हवी होती. तिला बसल्या जागेवरून खिडकीकडची पोरगी दिसत होती, पाठ ताठ, अंगठा मुठीत. आत्याला पहिल्यांदाच वाटलं की पडदा वर जातो तेव्हा त्यामागे कुणीतरी अंधारात उभं असेल. पण आता बोलून उपयोग नव्हता. आणि शिवणाऱ्याने बाकीच्यांत नाक खुपसायचं नसतं.

"दादा, फीत दे," धाकटी म्हणाली.

"कशाला?"

"टेबल मोजायचंय."

"अगं, चाळीस फूट आहे. आजोबांनी केलंय."

"तुम्ही कुणी मोजलंय?"

कुणी मोजलं नव्हतं. चाळीस फुटी टेबल चाळीस फूट आहे का हे बघणं म्हणजे आईचं नाव आईला विचारण्यासारखं.

"पण तू कापणारी," दादा म्हणाला. "तू कशी मोजणार?"

"आता कुठे राहिलेय कापणारी?"

यावर दादाने गळ्यातली फीत काढली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली. तो हे करताना तिच्याकडे बघू शकला नाही.

तिने फितीच्या टोकाची पितळी कडी टेबलाच्या कडेला अडकवली आणि खिडक्यांच्या अंगाने चालत गेली. फीत ताणली. वाचली. परत वाचली.

"चाळीस फूट तीन इंच."

"शक्य नाही," नाना म्हणाले.

"तुम्ही बघा."

दादा खालून रांगत आला, उठताना त्याने डोकं आपटलं, आणि त्याने वाचलं. "चाळीस तीन." वहिनी मागोमाग आली. तिनेही वाचलं. दाराच्या बाजूला नाना खुर्चीवर बसले. मुलाचे डोळे, मुलीचा अंगठा, जागा, ट्रक हे सगळं त्यांनी एका दुपारी सोसलं होतं. पण वडिलांनी टेबल तीन इंच चुकवलं हे त्यांना सोसवेना.

"बाबांची चूक होणार नाही," ते म्हणाले. "बाबा डोळे मिटून चाळीस फूट सांगायचे."

"डोळे मिटूनच सांगितलं असेल मग," वहिनी पुटपुटली.

धाकटी परत दुसऱ्या टोकाला गेली होती. कडी सोडवताना तिच्या तर्जनीला काहीतरी लागलं. अंगठ्याला कळलं नसतं. कडीखाली शिवण होती. बारीक, एकसारखे, घट्ट टाके. असे टाके घरात एकच बाई घालायची. फितीचा सुरुवातीचा फूटभर भाग बोटांनी इतका गुळगुळीत झाला होता की तिथले आकडे केव्हाच पुसले गेले होते. तिने कडीपासून पुढे एक एक करत पहिला दिसणारा आकडा गाठला, आणि मग मागे मोजत आली.

"आत्या," ती म्हणाली, "ही कडी तुम्ही शिवलीत?"

"हो. हिवाळ्यात सुटली होती. थोरल्याने टेबलावर टाकली होती फीत, दिसली मला. टोक पार कुजलं होतं. तेवढं कापून टाकलं आणि कडी परत बसवली. का, सुटली का?"

"नाही. घट्ट आहे."

"घट्ट असणारच."

"किती कापलंत, आत्या?"

"मी काय मोजते का?" आत्या म्हणाली. "मी शिवणारी."

चुन्याच्या डब्याचा खडखडाट आता खिडकीच्या अगदी खाली आला होता. दादाने तंबूचं दार उचललं, आखूड कडेवरून हात फिरवला आणि ते परत ठेवलं. मग तो हसायला लागला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले. वहिनीने त्याला पदर दिला. त्याने आधी डोळे पुसले आणि मग नाकही.

"म्हणजे डोळे बरे," वहिनी म्हणाली. "आणि वन्सं, हातही बरा."

धाकटीने टाचणी परत अंगठ्याला लावून पाहिली. काही कळलं नाही.

"कापणं बरोबर होतं," ती म्हणाली. एवढंच.

नाना फोनकडे बघत होते. आता तो उचलायचा की नाही, आणि उचलून काय सांगायचं? शेवटी दोन ओळी तयार केल्यासारखे त्यांचे ओठ हलले, पण वहिनीने मध्येच विचारलं,

"अहो, तो हॉल तुम्ही याच फितीने मोजलात ना?"

दादाचं हसू थांबलं.

"म्हणजे आजोबा बरोबर. टेबल चाळीस," ती बोटांवर मोजत म्हणाली. "आणि हॉल चाळीस दोन नाही. त्यातून कापलेले तीन इंच गेले."

"टेबलाचं टोक जरासं तासलं तर?" आत्या म्हणाली.

"नाही," नाना, दादा आणि धाकटी एकदम म्हणाले. त्या दुपारी तिघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

नानांनी फोन उचलला आणि कंपनीला कळवलं की त्यांचा हॉल आमच्या टेबलापेक्षा एक इंच आखूड आहे.